आमच्याकडे मावश्या टिकत नाहीत

ठाण्याहून घोडबंदर रोडनं कासारवडवली ओलांडलं की दोन्ही हातांना टॉवरच टॉवर लागतात. त्यांच्या मागे एका जुन्या, बसक्या इमारतीत आमचं ज्येष्ठांचं केंद्र आहे. चाळीसेक आजी-आजोबा राहतात. काही हिंडते-फिरते, काही वॉकरवर, काही पूर्ण बेडवर, आणि आठ-दहा जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. मी इथली सिस्टर-इन्चार्ज. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झाल्यावर बरीच वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली, मग इकडे आले.

मी आले तेव्हा मालकांची एकच रड होती, मावश्या, म्हणजे आजी-आजोबांचं सगळं करणाऱ्या बायका, टिकत नाहीत. ब्युरोकडून, म्हणजे अशी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, बाई यायची, दोन-तीन महिने काम करायची आणि एक दिवस फोन बंद. मामा लोकांचं, म्हणजे हेच काम करणाऱ्या पुरुषांचंही तेच. हॉस्पिटलात हे एकवेळ खपून जातं, कारण पेशंट आठवड्याभरात घरी जातो. इथे माणूस राहायलाच आलेला असतो. डिमेन्शियाच्या आजींना ओळखीचा हात लागला तर त्या आंघोळीला मुकाट येतात, नवीन बाई दिसली की मजला डोक्यावर घेतात. कुणाला भात ताकातच लागतो, कोण गोळी गालात लपवून नंतर थुंकतं, कुणाचा डावा खांदा धरून उठवायचं नाही, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते त्या बाईच्या डोक्यात असतं आणि ती गेली की तिच्याबरोबर जातं.

माझ्या आधी काही उपाय झालेच नव्हते असं नाही. एका सल्लागारांना बोलावून सकारात्मक विचारांवर सत्र झालं होतं, फुगे-बिगे लावून. महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून फोटो लावायची चौकट होती. तिच्यात ज्यांचा फोटो होता त्या बाई केव्हाच सोडून गेल्या होत्या, फोटो तसाच. तक्रारपेटीही होती, बरोबर सीसीटीव्हीच्या खाली. कुलूप उघडून बघितलं तर आत चॉकलेटचे कागद.

मी ऑफिसमधून सोडून गेलेल्यांचे नंबर घेतले आणि फावल्या वेळात एकेकीला फोन लावत गेले. ‘पगार कमी होता’ असं प्रत्येकीनं आधी सांगितलं. ते खरंच होतं. पण त्यातल्या बऱ्याच जणी तेवढ्याच पगारावर दुसरीकडे लागल्या होत्या. थोडं बोलत राहिलं की मग पुढचं निघायचं. ‘त्या आजींच्या मुलानं चोर म्हटलं.’ ‘कंबर कामातून गेली.’ ‘ट्रॅफिकमध्ये अडकले तर अर्ध्या दिवसाचे पैसे कापले.’ ‘आजी गेल्या, ते मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.’ आणि एक जण, बऱ्याच वेळानं, ‘सिस्टर, चहाचा कप सिंकखाली ठेवायला लावायचे.’

कपांपासूनच सुरुवात केली, कारण त्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती. सिस्टर, फिजिओ आणि ऑफिसवाल्यांचे चिनी मातीचे कप वर फडताळात, मावश्या-मामांचे स्टीलचे ग्लास खाली फिनाइलच्या बाटलीशेजारी. हे कोणी ठरवलं, कोणालाच सांगता येईना. ‘पहिल्यापासून असंच आहे’ एवढंच उत्तर. ज्या हातांनी आजोबांना घास भरवलेला चालतो, त्या हातांचा कप फडताळात चालत नाही, यामागे काय आहे ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी उघड बोलत नाही इतकंच. मी जांभळी नाक्यावरून एकसारखे कप आणले, जुने सगळे काढून टाकले. कुणाला भाषण दिलं नाही. स्वयंपाकीणबाईंनी काही दिवस तोंड वाकडं केलं. एका नातेवाइकानं ऑफिसात येऊन ‘हायजीन’चा मुद्दा काढला, तेव्हा त्यांना सांगितलं की कप गरम पाण्यात साबणानं धुतले जातात आणि तुमचाही चहा त्याच कपातून आलाय.

ड्युटीचा तक्ता हे मात्र मोठं दुखणं होतं. आमच्याकडे ब्युरोच्या पद्धतीनं बारा-बारा तास चालायचं, आठ ते आठ. मालकांच्या एका स्नेह्यांनी सुचवलं की आठ-आठ तासांच्या तीन शिफ्ट करा, बायका खूश होतील. कागदावर ते सुंदर दिसत होतं. बायकांना विचारलं तर निम्म्या नाही म्हणाल्या. दिव्याहून येणाऱ्या मावशींचं गणित असं: घर ते दिवा स्टेशन, लोकलमध्ये लटकत ठाणे, तिथून बस. मेट्रो-चारच्या कामामुळे कापूरबावडीला किती वेळ जाईल याचा नेम नाही, आणि गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला की सगळा घोडबंदर रोड ठप्प. ‘एवढा आटापिटा करून सहा दिवस येण्यापेक्षा मी चार दिवस जास्त तास करीन, तीन दिवस घर बघीन.’ लोकमान्यनगरातल्या तरुण मुलीला मात्र आठच तास हवे होते, कारण शाळेतून मुलगा दीड वाजता सुटतो. रात्री अकराला सुटणारी शिफ्ट कुणालाच नको होती. अकरा वाजता सुटून बाईनं घरी जायचं कसं, याचा विचार त्या सुंदर कागदात नव्हता.

शेवटी दोन्ही प्रकार ठेवले. तक्ता महिन्याच्या वीस तारखेला लागतो, त्यात बदल करायचा तर आपसात ठरवून मला फक्त कळवायचं, विनवण्या करायच्या नाहीत. ठरलेल्या तासांहून जास्त काम झालं की ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो, तसं कायद्यातच आहे. ते द्यायला सुरुवात झाल्यावर ‘जरा थांब ना अजून दोन तास’ हे वाक्य आपोआप कमी झालं. लेट मार्कचा नियम काढला. त्याऐवजी, पुढची येईपर्यंत आधीचीनं थांबायचं आणि त्या वेळाचे पैसे तिला द्यायचे. यावर मालक म्हणाले, मग सगळेच उशिरा येतील. तसं झालं नाही, कारण उशीर केला की मैत्रीण खोळंबते आणि ती दुसऱ्या दिवशी ऐकवते. ते ऐकून घेण्यापेक्षा पगार कापलेला परवडला.

गणपतीचा प्रश्न त्यातच सुटला. आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बऱ्याच जणी. पूर्वी ऑगस्ट-सप्टेंबर आला की ऑफिसातून रजा नामंजूर, मग दोघी-तिघी सरळ नोकरी सोडून गावाला. आता रजा ठरवायला मे महिन्यातच बसतो. मुंब्र्याच्या दोन ताई आणि झारखंडच्या मुली गणपतीत जास्त ड्युटी घेतात, त्याच्या बदल्यात ईद आणि सरहुल-छटला कोकणवाल्या उभ्या राहतात. रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे रजा त्याच्या आधी पक्की हवी, हा मुद्दा एका मावशींनीच मला शिकवला.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक पडला तो रिपोर्टमुळे. रिपोर्ट म्हणजे ड्युटी बदलताना एकमेकींना द्यायची माहिती. तो सिस्टर सिस्टरला द्यायची. मावश्या तोवर बाहेर चादरी मोजत असायच्या. मी त्यांना आत बोलावलं. पहिल्या दिवसांत कुणी तोंड उघडेना. ‘सगळं बरं आहे’ म्हणायच्या आणि भिंतीला टेकून उभ्या. मग मी प्रश्न बदलला. काल नव्हतं असं आज काय दिसलं, एवढंच विचारायचे. एका सकाळी एक मावशी म्हणाल्या, ‘दोनशे तीनचे आजोबा चहा उजव्या गालात धरून ठेवतायत. गिळतात, पण उशिरा. आणि चमच्यानं भरवलं की डोळ्यांत पाणी येतं.’ बीपी ठीक, शुगर ठीक, चार्टवर काहीच नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच हॉस्पिटलला हलवायला सांगितलं. स्ट्रोकच निघाला. आजोबा परत आले, आता त्यांना पातळ पदार्थ घट्ट करून देतो, बसवून, हनुवटी खाली घेऊन. त्या दिवशीच्या रिपोर्टच्या वहीत मावशींचं निरीक्षण त्यांच्या नावानं लिहिलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. वही उघडून त्यांनी ते नाव बोट फिरवत वाचलं आणि म्हणाल्या, ‘माझं आडनाव चुकलंय.’ दुरुस्त करून दिलं. त्यानंतर भिंतीला टेकणं बंद झालं. आता उलट वेळ आवरता आवरत नाही.

आता चोरीचं. डिमेन्शियात माणूस वस्तू कुठेतरी ठेवतो, ठेवल्याचं विसरतो, आणि कुणीतरी घेतली अशी त्याची खात्री होते. तो आजाराचाच भाग आहे, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो. पण प्रत्यक्षात आजींनी ‘अंगठी गेली’ म्हटलं की सगळ्यांची नजर आधी मावशीच्या पिशवीकडे. आमच्याकडे तर सुटताना गेटवर पिशव्या तपासायची पद्धतच होती. फक्त मावश्या-मामांच्या, सिस्टरची पर्स कुणी कधी उघडली नाही.

बी विंगच्या आजींची अंगठी हरवली तेव्हा मुलगा रात्री नऊला येऊन उभा. पोलिसांना बोलवा म्हणाला. त्या दिवशी ड्युटीवर असलेली ताई घरी पोचली होती, तिला परत बोलवा म्हणाला. मी म्हटलं, तिला आज बोलावणार नाही, आधी खोली बघू. तुम्ही, मी आणि रात्रीची सिस्टर. उशीचा अभ्रा, गादीच्या कडा, डायपरचं पाकीट, देवाच्या फोटोची मागची बाजू, चपला. अशा आजी कुठे काय ठेवतात याची आमच्याकडे आता यादीच आहे. अंगठी निघाली कवळीच्या डबीत, टिश्यूपेपरात गुंडाळून, कवळीच्या खाली. मुलानं ती खिशात टाकली आणि म्हणाला, ‘चला, मिळाली ना.’ तेव्हा मालक आले होते. त्यांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, ‘साहेब, उद्या सकाळी आठला ती ड्युटीवर येईल, तेव्हा फोन करून तुम्हीच तिला सांगा मिळाली म्हणून.’ मुलानं फोन केला नाही. मालकांनी स्वतः त्या ताईला ऑफिसात बसवून सांगितलं, आणि त्या खोलीत काम करायचं की नाही हे तिच्यावर सोडलं. तिनं खोली बदलून घेतली.

आता आजी-आजोबांना भरती करून घेतानाच दागिने घरी परत पाठवतो. जे राहतील त्यांचा फोटो आणि यादी, नातेवाइकांच्या सहीनं. गेटवरची पिशवीतपासणी बंद. वस्तू हरवल्याची तक्रार आली तर आधी खोली शोधायची, तोवर कुणाचंही नाव घ्यायचं नाही, आणि हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी छापील कागदावर द्यायचं. कधीतरी खरी चोरी झाली तर काय, असं मालकांनी विचारलं. झाली तर पोलिसांत देऊ की. पण तोवर रोज तीसेक माणसांना संशयित म्हणून गेटबाहेर सोडायचं कारण नाही.

कंबरेचं दुखणं तर चेंजिंग रूमच्या वासावरूनच कळायचं, आयोडेक्स आणि झेंडू बामचा. ऐंशी किलोचे पॅरालिसिसचे आजोबा, त्यांना वर सरकवायला एकटी बाई, काखेत हात घालून ओढतेय. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या निकषावरून रुग्ण हाताळताना एका माणसानं फार तर ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो वजन पेलावं असं धरतात. आमच्या मावश्या तेवढं तर आजोबांचा एक पाय उचलतानाच पेलत होत्या.

फिजिओ मॅडमनी आठवडाभर रोज जेवणानंतर शिकवलं. बेडवरच्या माणसाखाली आडवी ड्रॉशीट ठेवायची, दोघींनी दोन बाजूंनी ती माणसाच्या अंगाजवळ गुंडाळून धरायची, एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं. उचलायचं नाहीच. उठवताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग बसतं करायचं, मग चक्कर येते का बघून उभं. हे सगळ्यांना पटलं. तरी दुखणं कमी होईना, म्हणून मी एक दिवस नुसती बघत उभी राहिले. दिसलं ते असं की आमचे बरेचसे बेड उंच-खाली होणारे होते, पण एकही उंच केला जात नव्हता. खालचे फिरवायचे दांडेच नव्हते. स्टोअररूममध्ये एका गोणीत सापडले. नडगीला लागतात म्हणून कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेले, आणि मग प्रत्येकजण वर्षानुवर्षं गुडघ्याएवढ्या बेडवर वाकून डायपर बदलतोय. दांडे लावले, काम झालं की आत दुमडायची सवय लावली. याला एक रुपया खर्च आला नाही. पुढे मालकांनी पेशंट लिफ्टही, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, घेतली, पण ती बाथरूमच्या दारातून जात नाही, त्यामुळे निम्मा वेळ कोपऱ्यात उभी असते. हे घेण्याआधी दार मोजा, एवढं जरूर सांगेन.

दोन माणसांशिवाय सरकवायचं नाही हा नियम दिवसा पाळता येतो. रात्री एका मजल्यावर एकच बाई असेल तर तो नियम म्हणजे भिंतीवरचा कागद. त्याकडे येते नंतर.

मधे खरूज आली. पहिली खाज एका मावशीला सुटली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात चर्चा सुरू, ‘या लोकांच्या वस्तीतूनच येतं सगळं.’ खरुजेचं असं आहे की पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे जिला आधी खाजलं तिनंच आणली असं म्हणता येत नाही. मागचा हिशेब लावला तर दीडेक महिन्यापूर्वी एका हॉस्पिटलातून आलेल्या आजोबांच्या बोटांच्या बेचक्यांत जुने फोड होते, ते ‘ड्राय स्किन’ म्हणून लिहिले गेले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की सगळ्यांना एकाच रात्री औषध लावा, नाहीतर हे फिरत राहील. परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, म्हाताऱ्यांना डोक्यालाही, रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ, आठवड्यानं परत एकदा. चादरी-कपडे गरम पाण्यात. इथे मी मालकांशी भांडले. मावशीला मलम द्यायचं आणि तिच्या घरातल्या पाच माणसांना नाही, तर उपयोग शून्य. सगळ्यांच्या घरच्यांनाही ट्यूब दिल्या, आणि जिला पहिली खाज सुटली तिचे सुट्टीचे दिवस भरपगारी लावले. ती घाबरून पळून गेली असती तर आम्हाला पुढच्या वेळी कुणी खाज सांगितलीच नसती. हेपटायटिस बीची लसही तेव्हाच सुरू केली, शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. सिस्टरांना होती, डायपर आणि रक्ताळलेल्या पट्ट्या उचलणाऱ्यांना नव्हती.

आजी-आजोबा जातात, हे या कामात धरलेलंच आहे. पण एखादी बाई ज्या आजींना दोन वर्षं रोज भरवते, त्या रात्री जातात, आणि सकाळी ड्युटीवर आल्यावर तिला बेडवर जंतुनाशक हायपोक्लोराइटचा फडका मारणारा मामा दिसतो, तसं होऊ नये. आता रात्री मृत्यू झाला तर त्या माणसाची नेहमीची मावशी किंवा मामा असेल त्याला पहाटेच फोन जातो. नातेवाइकांची हरकत नसेल तर एक जण आमच्याकडून जवाहर बाग स्मशानभूमीत जातो, ती ड्युटीच धरतो. तो बेड एक दिवस रिकामा ठेवायचा; यावर मालकांनी बराच हिशेब मांडला आणि मग ऐकलं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावलाय, मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कुणी केला का फोन, मला माहीत नाही आणि मी विचारत नाही.

छेडछाडीबद्दल थोडक्यात लिहिते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की २०१३च्या कायद्यानं अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. आमच्याकडे समिती होती, फाइलमध्ये. सदस्य कोण ते सदस्यांनाही माहीत नव्हतं. ती नव्यानं केली. इथे गुंता असा की आंघोळ घालताना हात भलतीकडे नेणारे आजोबा कधी आजारामुळे तसं करतात, आणि कधी करत नाहीत. आजार असला तर त्यांना शिक्षा काय देणार? पण म्हणून बावीस वर्षांच्या मुलीला ‘म्हातारे आहेत, समजून घे’ म्हणून परत आत ढकलायचं नाही. अशा आजोबांना मामाच आंघोळ घालतात, आणि ते फाइलवर लिहिलेलं असतं. भेटायला आलेल्या नातेवाइकानं असा प्रकार केला, तेव्हा तो थेट समितीसमोर आणला. त्याचं इथे येणं बंद झालं. वडील इथेच आहेत, बहीण भेटायला येते.

ब्युरोतून काढून स्वतःच्या पगारपटावर घ्यायचं काम सगळ्यात कंटाळवाणं. पण ज्या कायम राहिल्या त्या यामुळे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. बाईच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, कामगार रुग्णालयात घरच्यांनाही दाखवता येतं. ब्युरोत यातलं काही नव्हतं. अडलं ते नावावर. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, पॅनवर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. मग पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, अडकतो. ‘तुझी कागदपत्रं तू नीट कर’ असं सांगितलं असतं तर निम्म्या जणींनी नादच सोडला असता. त्यासाठी सगळ्यांनाच दिवसाचा पगार बुडवावा लागणार. आम्ही ऑफिसातल्या मुलाला त्यांच्याबरोबर आधार केंद्रावर पाठवलं, ड्युटीच्या वेळेत. एका मावशींचा पहिला पीएफचा मेसेज आला तेव्हा त्यांनी तो फ्रॉड समजून मला आणून दाखवला.

हे सगळं होईपर्यंत पैसे लागले, आणि ते शेवटी फीमध्येच आले. नातेवाइकांची बैठक घेतली. एका गृहस्थांनी स्पष्टच विचारलं, ‘तुमचा स्टाफ खूश ठेवायला आम्ही का पैसे भरायचे?’ मालक उत्तर जुळवत होते तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, ‘माझ्या आईला दीड वर्षं एकच ताई आंघोळ घालते. आधीच्या ठिकाणी दर महिन्याला नवीन होती आणि आई आंघोळीच्या नावानं रडायची. मी भरते.’ सगळे तिच्यासारखे नव्हते. दोघांनी आपल्या माणसांना बदलापूरकडच्या स्वस्त ठिकाणी नेलं. त्यांच्यावर राग नाही, आपल्याकडे पेन्शनीत हे बसत नाही बहुतेकांच्या.

अजूनही लोक सोडून जातात. कुणी लग्न होऊन, कुणी नर्सिंगला प्रवेश मिळून, कुणी घरगुती केसवर जास्त पैसे मिळतात म्हणून. आणि जास्त पैशांसाठी गेलेल्या बाईला मी कधीच नावं ठेवत नाही. चांगलं वागवतो म्हणून कमी पगारात राहा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फरक एवढाच की आता जाताना महिनाभर आधी सांगतात, आणि नव्या बाईला चार दिवस सोबत घेऊन आजींच्या सवयी दाखवून जातात. अडीअडचणीला ब्युरोला फोन करावा लागतोच.

राहिलं आहे ते रात्रीचं. दोन मजले, एक सिस्टर आणि दोन मावश्या. वरच्या मजल्यावरची बाई रात्री दर दोन तासांनी कुशी बदलायला एकटीच असते. खालचीला वर बोलावलं की खालचा मजला उघडा पडतो, आणि तेवढ्यात कुणी आजी वॉकरशिवाय बाथरूमला निघाल्या तर संपलंच. मी रात्रीसाठी तिसरं माणूस मागितलंय, कोणत्याही एका मजल्याला न बांधलेलं. त्याचा वर्षाचा खर्च लिहून दिला, आणि शेजारी मागच्या वर्षी रात्री पडलेल्यांची नावं, वेळा आणि एका खुब्याच्या ऑपरेशनचं बिल लावलं. मालकांनी कागद ठेवून घेतला आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले. मी म्हटलं, दिवाळीनंतर म्हणजे कुठली तारीख ते याच कागदावर लिहून द्या.